वरच्या वर्गाची घाई, मदतीच्या वर्गाची लाज

या वर्षीच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे दोन तरुण वडील उभे होते. एकाने दुसऱ्याला विचारलं, "तुझी मुलगी सहावीत ना? मॅथ कुठलं मिळालंय, सातवीचं की आठवीचं?" दुसरा जरा घुटमळला. "सध्या सातवीचं. पण आम्ही प्रिन्सिपलना मेल पाठवलाय." पहिल्याने समजून मान डोलावली आणि दोघं बटाट्याच्या भाजीकडे सरकले.

मी या रांगेत चाळीसहून अधिक वर्षं उभा आहे. आधी चर्चच्या तळघरात, मग हायस्कूलच्या कॅफेटेरियात, आता भाड्याच्या मोठ्या हॉलमध्ये. जेवण बदललं, माणसं बदलली, हा प्रश्न तसाच राहिला. मीही तो विचारला आहे आणि त्याचं उत्तर देताना छाती फुगवली आहे. पण या रांगेत एक वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही: "आमच्या मुलाला वाचायला जमत नाही, शाळेत त्याला वेगळ्या बाई शिकवतात." अशी मुलं आपल्यात नाहीत, असं नव्हे. माझ्या घरात होता. त्याची परवानगी घेऊनच आज हे लिहितो आहे.

१९८८ साल. आमचा धाकटा दुसरीत होता. ऑक्टोबरात शाळेकडून एक कागद आला. मुलगा वाचनात मागे आहे, आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास त्याला वाचनाच्या शिक्षिकेकडे पाठवायचं आहे, पालकांनी सही करून कागद परत पाठवावा. मी तेव्हा विद्यापीठात गणित शिकवत होतो, टेन्युअर नुकतीच मिळाली होती. मी सही केली नाही. विद्यापीठाच्या लेटरहेडवर उत्तर लिहिलं: घरी आम्ही मराठी बोलतो, त्यामुळे इंग्रजी वाचनाला थोडा वेळ लागतो आहे, काळजीचं कारण नाही, आम्ही घरी बघून घेऊ. ही म्हणालीसुद्धा, "पाठवू या की, चांगलं शिकवतायत तर." मी ऐकलं नाही.

मराठी हे कारण नव्हतंच. त्याच घरात, त्याच मराठीत वाढलेली त्याची मोठी बहीण लायब्ररीतून पिशवीभर पुस्तकं आणून फडशा पाडत होती. डॉक्टरेट झालेल्या माणसाचा मुलगा 'त्या' खोलीत जातो, हे मला सोसत नव्हतं. आणि मंडळात कळलं तर, ही धास्ती वेगळीच.

दोन वर्षांनी त्याच लेटरहेडवर मी दुसरं पत्र लिहिलं. मुलाचं गणित वर्गाच्या पुढे आहे, त्याला चौथीऐवजी पाचवीच्या गणिताला बसवावं. आठवड्याभरात होकार आला. चाचणी नाही, बैठक नाही, काही नाही.

पाचवीत असताना एक दिवस बदली शिक्षिका वर्गावर आल्या. त्यांनी नवा कागद वाटला आणि एकेकाला मोठ्याने वाचायला सांगितलं. आमच्या चिरंजीवांनी पाळी येईपर्यंत तीनदा बाथरूमला जायची परवानगी मागितली. त्या बाईंनी हे त्याच्या नेहमीच्या शिक्षिकेला सांगितलं, तिने शोध घेतला आणि सगळं उघड झालं. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा धडा त्याची बहीण त्याला वाचून दाखवायची आणि तो पाठ करायचा. मोबदला म्हणून हॅलोवीनच्या गोळ्यांतला अर्धा वाटा तिचा! आणि गणित? गणित घरी मी घेत असे. प्रश्न मी वाचत असे, तो क्षणात तोंडी उत्तर देत असे. मला वाटे, काय बुद्धी आहे! बुद्धी होतीच, पण प्रश्न मी वाचत होतो. वर्गात, पुढच्या इयत्तेच्या पुस्तकासमोर, तो नुसते आकडे बघून बेरीज करायची की गुणाकार याचा अंदाज बांधत होता.

मग त्याला मदत मिळाली, तीन वर्षं उशिरा. आज तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे, त्याचं उत्तम चाललं आहे. पण समोर मोठा मजकूर आला की त्याचे खांदे अजून आखडतात. ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही, मला दिसतं.

चूक माझी होती, त्याबद्दल वाद नाही. पण पुढे अनेक वर्षं मला दुसरीच गोष्ट खटकत राहिली. माझी दोन्ही पत्रं चालली. मदत नको म्हटलं, ते चाललं. वर चढवा म्हटलं, तेही चाललं. माझं मूल कुठे बसेल हे त्याच्या वाचनावरून ठरलं नाही, गणितावरूनही नाही. माझ्या लेटरहेडवरून ठरलं. मग ज्याच्या घरी लेटरहेड नाही, त्याच्या मुलाचं काय होत असेल?

आपल्या पिढीच्या मनात 'नापास' हा शब्द किती खोल रुतला आहे, ते इथे वाढलेल्या मुलांना सांगायला हवं. आमच्या तालुक्याच्या शाळेत एप्रिलअखेर निकाल लागायचा. गुरुजी नावं वाचायचे: पास, नापास, आणि मधला एक प्रकार, 'वर चढवला'. माझ्या बाकावरचा मित्र सहावीत नापास झाला. जूनमध्ये मी सातवीच्या वर्गात गेलो, तो त्याच खोलीत, त्याच बाकावर. त्याच गुरुजींनी तेच धडे तसेच शिकवले आणि ते त्याला पुन्हा तसेच समजले नाहीत. दिवाळीनंतर तो शाळेत दिसला नाही. आम्ही विमानात बसलो तेव्हा दोन सुटकेसांबरोबर ही धास्तीही घेऊन आलो. पुढे तिकडेही लंबक हलत राहिला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवायचं नाही असं ठरवलं, २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आणि २०२३ साली महाराष्ट्राने ती स्वीकारली.

अमेरिकेत हाच लंबक आहे, फक्त तो एका जागी टांगलेला नाही. इथे सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. राज्याचा कायदा चौकट आखून देतो, डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं बोर्ड धोरण लिहितं आणि शाळेतले प्रिन्सिपल, शिक्षक, काउन्सेलर ते एकेका मुलाला लावतात. प्रश्न तीनच असतात. मूल पुढच्या वर्गात न्यायचं की त्याच वर्गात ठेवायचं? मागे पडलेल्याला मदत केव्हा आणि कशी द्यायची? आणि पुढे गेलेल्याला किती पुढे न्यायचं? आपण मंडळी या तीनपैकी फक्त तिसऱ्या प्रश्नावर बोलतो.

आधी पहिला. आपल्या शिकागोचंच उदाहरण घ्या. १९९६ साली शिकागोच्या सरकारी शाळांनी जाहीर केलं की, यापुढे नुसतं वय झालं म्हणून वर चढवणं बंद. तिसरी, सहावी आणि आठवीला ठरावीक गुण हवेत. नसतील तर उन्हाळी वर्ग, तरीही नसतील तर तोच वर्ग पुन्हा. देशभर कौतुक झालं, मलाही ते पटलं होतं. पुढे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी या मुलांचा माग काढला. तिसरीत मागे ठेवलेल्यांना टिकाऊ फायदा झालेला दिसला नाही, सहावीत ठेवलेली मुलं तर वाचनात आणखी मागे गेली आणि आठवीत ठेवलेल्यांमध्ये शाळा सोडण्याचं प्रमाण वाढलं. माझ्या बाकावरच्या मित्राची गोष्टच आकड्यांत मांडलेली होती.

पण निष्कर्ष इतका सरळ नाही. फ्लोरिडाने २००२ साली तिसरीच्या वाचनाला हाच नियम लावला, पण मागे ठेवलेल्या मुलांना रोज वाचनाचा जास्त वेळ, उन्हाळी वर्ग आणि चांगले शिक्षक देणं बंधनकारक केलं. ही मुलं पुढे हायस्कूलमध्ये जरा बरे गुण मिळवताना दिसली. पदवीपर्यंत पोचण्याच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. मिसिसिपीने २०१३ साली कायदा केला. तिसरीची परीक्षा ही त्यातली गाजलेली गोष्ट. कमी गाजलेली गोष्ट अशी की, बालवर्गापासून प्रत्येक मुलाची वर्षातून तीनदा वाचनाची तपासणी, शिक्षकांना अक्षर आणि ध्वनी शिकवण्याचं नव्याने प्रशिक्षण आणि कमकुवत शाळांत वाचनाचे मार्गदर्शक. चौथीच्या वाचनात जे राज्य देशात तळाशी असायचं, ते २०१९पर्यंत राष्ट्रीय सरासरीला येऊन पोचलं. याचं श्रेय परीक्षेच्या भीतीला किती आणि मदतीला किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. मिशिगनने २०१६च्या कायद्यातली मागे ठेवण्याची सक्ती २०२३ साली काढून टाकली आणि मदतीचा भाग ठेवला. पन्नास वर्षं वर्गात घालवल्यावर माझं मत असं झालं आहे की, न कळलेलं तेच, तसंच, दुसऱ्यांदा सांगून कळत नाही. वर्ग कुठला यापेक्षा त्या वर्षात वेगळं काय केलं, हे महत्त्वाचं.

फ्लोरिडाच्या या नियमावरचा २०१९चा एक अभ्यास मी दोनदा वाचला. नियम सगळ्यांना सारखा होता, पण त्यात अपवादांच्या वाटाही होत्या: दुसरी परीक्षा, वर्षभराच्या कामाची फाइल, असं काही. सारखेच कमी गुण असलेल्या मुलांमध्ये, आईचं हायस्कूलही पूर्ण झालेलं नसेल तर मूल मागे ठेवलं जाण्याची शक्यता आई पदवीधर असलेल्या मुलापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघाली. अपवादाची वाट कुठे आहे हे शिकलेल्या आईला ठाऊक होतं. माझ्या लेटरहेडची ही सावत्र बहीणच म्हणायची.

आता आपल्या आवडत्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. गैरसमज नको: मूल खरोखर तयार असेल तर त्याला पुढे न्यावं, असं माझं ठाम मत आहे. आयोवा विद्यापीठातून २००४ साली 'अ नेशन डिसीव्ह्ड' नावाचा अहवाल निघाला. त्याने अनेक दशकांचं संशोधन गोळा करून दाखवलं की, योग्य निवड केली तर वर्ग ओलांडलेल्या मुलांचा अभ्यासही चांगला चालतो आणि मैत्री, स्वभाव यांवर सहसा वाईट परिणाम होत नाही. मात्र 'योग्य निवड' या दोन शब्दांवर त्यांचा भर आहे. पूर्ण वर्ग ओलांडायचा का, हे ठरवण्यासाठी तिथल्या लोकांनी एक मोजपट्टी केली आहे. तिच्यातल्या काही अटींशी तडजोड नाही. उदाहरणार्थ, ज्या वर्गात मूल जाणार त्याच वर्गात त्याचं सख्खं भावंड असेल, तर नको. आणि मुलाची स्वतःची इच्छा नसेल, तर नको. शेवटची अट वाचून मी थांबलो. धाकट्याला मी कधी विचारलंच नव्हतं.

पण पुढे जाण्याची संधी कुणाला मिळते? फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत पूर्वी 'गिफ्टेड'साठी नावं सुचवायची ती पालकांनी आणि शिक्षकांनी. २००५ साली डिस्ट्रिक्टने दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घ्यायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गरीब घरांतली कितीतरी मुलं पात्र ठरली. ती आधीही तिथेच, त्याच बाकांवर बसलेली होती. त्यांच्या वतीने कुणी मेल पाठवला नव्हता, इतकंच. मंदीत पैसे आटले, सगळ्यांची तपासणी बंद झाली आणि आकडे पुन्हा पहिल्या जागी आले.

कॅलिफोर्नियात वेगळाच प्रकार उघडकीला आला. आठवीत अल्जिब्रा चांगल्या गुणांनी पास झालेल्या मुलांना नववीत पुन्हा अल्जिब्रालाच बसवलं जायचं, आणि त्यात काही समाजांची मुलं जास्त असायची. २०१५ साली राज्याने कायदा केला: नववीचं गणित ठरवताना एकाहून अधिक वस्तुनिष्ठ निकष हवेत, वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात फेरतपासणी हवी आणि पालकांना दाद मागण्याची सोय हवी. नॉर्थ कॅरोलायनाने २०१८ साली ठरवलं की, गणितात सर्वांत वरची पातळी गाठलेल्या मुलाला पुढचं गणित आपोआप मिळेल. टेक्साससने २०२३ साली पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत येणाऱ्यांसाठी तसंच केलं. मागणी करायची गरज नाही. नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं.

सॅन फ्रान्सिस्कोने उलट टोक गाठलं. २०१४ साली आठवीतला अल्जिब्रा सगळ्यांसाठीच बंद केला, म्हणजे विषमता राहणार नाही. झालं काय, तर ज्यांना परवडत होतं त्यांनी तो बाहेर पैसे भरून केला. २०२४ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने तो परत मागितला. दार सगळ्यांना बंद केलं म्हणून समानता येत नाही. खिडकीतून जाणारे जातातच.

आपल्या इलिनॉयमध्येही १ जुलै २०१८पासून कायदा आहे. प्रत्येक डिस्ट्रिक्टकडे मुलांना पुढे नेण्याचं लेखी धोरण हवं. बालवर्गात लवकर प्रवेश, एखाद्या विषयात पुढे जाणं, पूर्ण वर्ग ओलांडणं हे सगळं त्यात यायला हवं आणि ते फक्त 'गिफ्टेड' शिक्का बसलेल्यांपुरतं नको. १९९०मध्ये माझ्या एका पत्रावर जे झालं, ते आज होऊ नये अशी ही व्यवस्था आहे. पण धोरण कपाटात असणं वेगळं आणि नव्याने आलेल्या कुटुंबाला ते ठाऊक असणं वेगळं. पुण्याहून फेब्रुवारीत आलेली मुलगी घ्या. तिला गणित येतं, इंग्रजी ऐकताना गडबडते. तिला खालच्या गणितात बसवतात, आईवडील म्हणतात, नवा देश आहे, आपण कशाला बोलायचं? भाषा येत नाही म्हणजे गणित येत नाही, असं नव्हे. पण हे शाळेला सांगायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगत नाही. एरवी पुढचं गणित मिळवायचे सगळे मार्ग ज्यांना पाठ आहेत असे आपण पन्नास जण त्याच हॉलमध्ये बसलेले असतो.

इथे कुणी म्हणेल, आणि मला तोंडावर म्हणालेही आहेत, "सर, आम्ही मुलांवर मेहनत घेतो, शनिवार-रविवार शिकवणीला नेतो, मग आम्हीच का मागे राहायचं?" मागे कुणीच राहायचं नाही. सगळ्यांची तपासणी करणारा नियम असेल तर तुमची तयार असलेली मुलगी त्यातूनच पुढे जाईल, मेल न पाठवता. फक्त तिच्या वर्गात दुसऱ्या गल्लीतली दोन मुलंही येतील. त्यात तुमचं काय जातं?

आणि घाईबद्दल एक गोष्ट धंद्यातल्या माणसाची म्हणून ऐका. मी तीसहून अधिक वर्षं पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस शिकवलं. ऑफिस अवर्सना येणाऱ्या मुलांत दरवर्षी काही अशी असत, ज्यांनी हायस्कूलमध्येच कॅल्क्युलस 'उरकलेलं' असे. डेरिव्हेटिव्ह झटकन काढत, आणि पुढच्याच ओळीत दोन अपूर्णांकांची बेरीज चुकवत. विचारलं की कळे, सहावीचं अर्धं गणित त्यांनी उडी मारून ओलांडलेलं होतं. त्यात आपली मराठी मुलंही होती. त्यांना मी सुरुवातीपासून अपूर्णांक शिकवले, दार लावून, कारण त्यांना लाज वाटत होती. एकोणिसाव्या वर्षी जी मदत दार लावून घ्यावी लागली, ती अकराव्या वर्षी उघड्या वर्गात मिळाली असती.

राहिला दुसरा प्रश्न, मदतीचा. आज बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये त्याची तीन पायऱ्यांची रचना असते. पहिली पायरी सगळ्या वर्गाची: चांगलं शिकवणं आणि वर्षातून काही वेळा सगळ्यांची छोटी तपासणी. त्यात जे अडखळतील त्यांच्यासाठी दुसरी: लहान गट, ठरावीक आठवडे, मग पुन्हा मोजणी. तरीही अडचण राहिली तर तिसरी: एकेकट्याला, जास्त वेळ. यात शिक्षा कुठेच नाही. मूल दुसऱ्या पायरीवर आठ-दहा आठवडे काढून परतही येऊ शकतं. पण आपल्या कानाला 'दुसरी पायरी' ऐकू येते 'नापास' अशी, आणि आपण लेटरहेड शोधतो.

मग करायचं काय? तुमच्या डिस्ट्रिक्टच्या धोरणाला चार प्रश्न विचारा. तपासणी सगळ्यांची होते, की मागणाऱ्यांची? निर्णय एका परीक्षेवर होतो, की गुण, शिक्षकांचं मत, मुलाचं काम आणि त्याची इच्छा हे सगळं पाहिलं जातं? मागे ठेवण्याचा विषय निघण्याआधी मुलाला कोणती मदत, किती आठवडे दिली, याची नोंद असते का? आणि परतीची वाट आहे का? म्हणजे वर नेलेलं मूल दमलं तर अपमान न होता खाली येऊ शकतं का, आणि खाली बसवलेलं मूल वर्षाच्या मध्येच वर जाऊ शकतं का? चारपैकी तीन उत्तरं 'हो, सगळ्यांसाठी' अशी आली तर तुमचं डिस्ट्रिक्ट चांगलं आहे. एकही आलं नाही तर नुसत्या घरांच्या किमतीवरून त्याला चांगलं म्हणू नका.

हे प्रश्न विचारायची जागा महाप्रसादाची रांग नव्हे, बोर्डाची बैठक. इलिनॉयच्या कायद्याने ती सर्वांना खुली असते आणि नागरिकांना तिथे बोलण्याचा हक्क असतो. दोन-तीन मिनिटं मिळतात, चार प्रश्नांना तेवढी पुरतात. पुढच्या वर्षीच्या वर्गांचे निर्णय हिवाळ्यात आणि वसंतात होत असतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या बैठका महत्त्वाच्या. इथे जन्मलेल्या, वाढलेल्या मुलांना माझी खास विनंती. तुम्ही या शाळांत शिकला आहात. कुठल्या खोलीत जाताना कोण खाली मान घालून जायचं, हे तुम्ही पाहिलं आहे, आम्ही नाही. माइकसमोर आमची जीभ अडखळते, तुमची नाही. तुमच्या मुलीसाठी मेल पाठवाल तेव्हा त्यात एक ओळ जास्त घाला: हीच तपासणी तिच्या वर्गातल्या सगळ्यांची होणार आहे का?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. धाकट्याची मुलगी, म्हणजे आमची नात, दुसरीत. शाळेकडून कागद आला, आता तो फोनवर येतो: वाचनात जरा मागे आहे, लहान गटात घ्यायचं आहे, आठवड्यातून चार दिवस, दहा आठवडे. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्याने वाचलं, बायकोला दाखवलं, मुलीला जवळ बोलावून साध्या शब्दांत सांगितलं आणि ताटावर बसल्याबसल्या सही केली. पुरता एक मिनिटही लागला नसेल. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, पत्र लिहायचंय का तुम्हाला?" ही जोरात हसली. मीही हसलो, पण घास गिळायला थोडा वेळ लागला.

नात आता सगळी पुस्तकं मोठ्याने वाचते, गाडीतसुद्धा, रस्त्यावरच्या पाट्यांसकट.

जानेवारीत आमच्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची बैठक आहे. वर लिहिलेले चार प्रश्न कागदावर उतरवून मी जाणार आहे. माझा फोन नंबर मंडळाच्या डिरेक्टरीत आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी कळवा, मी लवकर जाऊन खुर्च्या धरून ठेवतो.